अँकरेजवरचा 'वाय' : दिव्याचे संदेश वाचायला शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई बंदराबाहेरच्या अँकरेजवर, म्हणजे जहाजे नांगर टाकून थांबतात त्या जागी, जुलै महिन्यात नांगरलेल्या एका बल्क कॅरियरवरचे (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावरचे) हे प्रकरण आहे. साधारण १९० मीटर लांबीचे, माल भरलेले जहाज बंदरात शिरण्याची पाळी येण्याची वाट पाहत होते. जहाजाची, कंपनीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. घटना घडली तेव्हा मी तिथे नव्हतो. नंतर कंपनीने मला प्रशिक्षक म्हणून त्या जहाजावर पाठवले. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या नोंदी, व्हीडीआरमध्ये (ब्रिजवरचे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रात) मुद्रित झालेले बोलणे आणि प्रत्येकाशी स्वतंत्र बसून झालेल्या गप्पा यांतून त्या रात्रीचे चित्र माझ्यापुढे उभे राहिले.

नियम काय सांगतात ते आधी पाहू. दिव्याच्या उघडझापीने मोर्समध्ये, म्हणजे आखूड (डॉट) आणि लांब (डॅश) खुणांच्या लिपीत, संदेश देणे-घेणे हा डेक ऑफिसरच्या शिक्षणाचा जुना भाग आहे. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस ही समुद्रावरच्या संकट-संपर्काची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि व्यापारी जहाजांवरचा रेडिओ-मोर्स गेला, दिव्याचा मात्र राहिला. दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारात पूर्वी मोर्स दिव्याने संदेश पाठवता आणि घेता आले पाहिजेत अशी सरसकट अपेक्षा होती. २०१० च्या मनिला दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ पासून अमलात आल्या आणि ही अपेक्षा आकसली. आता एसओएस आणि इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्समधले (जहाजांच्या संकेतांच्या आंतरराष्ट्रीय संहितेतले) एकाक्षरी संकेत एवढे दिव्याने पाठवता-वाचता आले की पुरे. दिवा मात्र तसाच कायम आहे. सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार १५० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचे माप) आणि त्यावरच्या प्रत्येक जहाजावर दिवसाही दिसणारा सिग्नल लॅम्प लागतो, आणि तो केवळ जहाजाच्या विजेवर चालणारा असून भागत नाही.

ही काटछाट मला योग्यच वाटते. मिनिटाला ४० अक्षरे हा कोडने प्रमाण मानलेला वेग. त्या वेगाने साध्या भाषेतले लांबलचक निरोप वाचायची वेळ आज कुणावर येत नाही. एकाक्षरी संकेतांचे तसे नाही. 'यू' म्हणजे तुम्ही धोक्याकडे चालला आहात. 'एल' म्हणजे जहाज ताबडतोब थांबवा. 'ओ' म्हणजे माणूस पाण्यात पडला आहे. 'एफ' म्हणजे माझे जहाज निकामी झाले आहे, माझ्याशी संपर्क साधा. आणि 'वाय' म्हणजे माझा नांगर धरत नाही, जहाज ओढले जात आहे. कागदावर अभ्यासक्रम लहान झाला, पण जे शिल्लक ठेवले ते सगळे ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी समजावे लागणारे आहे. ही दुसरी गोष्ट शिकवण्यातून कशी निसटली, ते या प्रकरणात दिसते.

त्या रात्री

नैर्ऋत्येकडून वारा जोरात होता आणि पावसाच्या सरींबरोबर आणखी उसळत होता. उधाणाची भरती-ओहोटी. पावसाळी मासेमारीबंदी चालू असल्याने एरवी आसपास दिसणारे होड्यांचे दिवे नव्हते. या जहाजाच्या नैर्ऋत्येला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, नऊ केबल अंतरावर (एक केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग) एक रिकामा टँकर नांगरलेला होता. भरलेले जहाज पाण्यात खोल बसते, म्हणून ते प्रवाहाच्या तोंडाने उभे राहते. रिकामे जहाज उंच असते आणि वाऱ्याचे ऐकते. त्यामुळे एकाच अँकरेजवर दोन शेजारी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभे होते, आणि टँकर हलला तरी नुसत्या नजरेला ते लगेच जाणवत नव्हते.

वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, रात्री आठ ते बाराचा, थर्ड ऑफिसरचा. पंचविशीतला, हुशार, कामाला चोख मुलगा. सोबत लुकआऊटला, म्हणजे टेहळणीला, रत्नागिरी जिल्ह्यातला एक अनुभवी एबी (कुशल खलाशी). साडेनवाच्या सुमारास एबीने टँकरच्या ब्रिज विंगवरून (ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावरून) येणारा दिवा पहिल्यांदा पाहिला.

"साहेब, तो दिवा मगासपासून आपल्याकडेच मारतायत."

"डेकवर काम चाललं असेल, मामा. टॉर्च असेल कुणाची."

हा संवाद व्हीडीआरमध्ये स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर थोडा वेळ काही नाही. मग रडारवर अंतर कमी झाल्याचे थर्ड ऑफिसरच्या लक्षात आले आणि त्याने एआयएसवरचे (जहाजे आपली ओळख आपोआप कळवतात त्या यंत्रणेवरचे) नाव वाचून व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर हाक मारली. उत्तर आले ते भलत्याच जहाजाकडून. एकाच मालकाच्या जहाजांची नावे पुष्कळदा एकाच शब्दाने सुरू होतात, आणि सरींच्या खरखरीत नावाचा पहिला शब्दच काय तो ऐकू गेला. पलीकडून आमचे सगळे ठीक आहे असे सांगितले गेले आणि याला तेवढ्यापुरते हायसे वाटले. खरा टँकर त्या वेळी बंदराच्या कामकाजाच्या चॅनेलवर बंदराशी बोलण्यात गुंतला होता, आणि शेजाऱ्याला कळावे म्हणून त्याचा दुसरा अधिकारी दिवा मारत होता. डॅश-डॉट-डॅश-डॅश. पुन्हा पुन्हा.

अंतर पाच केबलवर आले तेव्हा कॅप्टनला बोलावणे गेले. कॅप्टन 'टी. एस. राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकलेले, जुन्या पठडीतले. ते वर आले, रडारकडे न जाता आधी पावसातच ब्रिज विंगवर गेले आणि दिव्याकडे पाहून म्हणाले, "वाय मारतोय तो. ड्रॅग होतोय." पुढचे हुकूम एका दमात झाले. इंजिन रूमला फोन, चीफ ऑफिसर आणि बोसन (खलाशांचा मुकादम) फोक्सलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर, साखळी आणखी सोडण्याची तयारी. इंजिन मिळाल्यावर सुकाणू एका अंगाला घालून, प्रवाहाच्या जोरावर जहाज नांगरावरच तिरके करून घेतले आणि टँकरच्या वाटेतून जेवढे सरकता आले तेवढे सरकले.

संदेश पोचल्याची पोच द्यायला कॅप्टननी सिग्नल लॅम्प मागवला. कपाटातून निघालेल्या लॅम्पचा प्रकाश मिनिटभरात तांबूस होत मंदावला. बॅटरीत जीव नव्हता. मग वायर ओढून तो ब्रिज विंगच्या सॉकेटवर लावला आणि पोच दिली. टँकर साडेतीनशे मीटरच्या आसपासून पुढे सरकला, त्याचेही इंजिन तोवर सुरू झाले आणि तो बाहेर खोल पाण्यात निघून गेला. कुणाला इजा नाही, कुठे ओरखडा नाही.

अडचण नेमकी कोणती

जहाजावरून गेलेल्या पहिल्या अहवालात कारण लिहिले होते : व्हीएचएफ संपर्कातील त्रुटी. उपाय : सर्व अधिकाऱ्यांना व्हीएचएफच्या वापराबाबत पुन्हा सूचना देणे. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हा अहवाल स्वीकारायचा की नाही, हा होता. स्वीकारला असता तर फाईल आठवड्यात बंद झाली असती. किनाऱ्यावरच्या सुरक्षा विभागाने तो परत पाठवला, आणि त्यासाठी त्यांना दाद दिली पाहिजे. त्यांचे म्हणणे साधे होते. व्हीएचएफवर चुकीच्या जहाजाशी बोलणे होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. ब्रिटनच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने, एमसीएने, एमजीएन ३२४ या सूचनापत्रात याच धोक्याबद्दल बजावले आहे. समोरचे जहाज आपली अडचण कोडच्या भाषेत, थेट आपल्याकडे दिवा रोखून सांगत होते, तर ती कळली का नाही, असा त्यांचा प्रश्न होता.

जहाजावर पोचल्यावर मी थर्ड ऑफिसरला तोंडी विचारले, 'वाय' म्हणजे काय? क्षणात उत्तर आले. 'वाय'चा झेंडा? पिवळ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांचा. मोर्समध्ये लिहून दाखव? बरोबर लिहिले. सगळे येत होते. मग अंधार पडल्यावर फोक्सलवरून त्याला दिवा दाखवला, तेव्हा पहिली काही अक्षरे निव्वळ अंदाजाने गेली. बाकीच्या अधिकाऱ्यांचेही कमी-जास्त प्रमाणात हेच झाले. कागदावर जवळजवळ सर्वांना येत होते, तोंडाने म्हटले तर बहुतेकांना ओळखता येत होते, दिव्यावर मोजक्यांनाच.

कारण विचाराल तर ते शिकण्याच्या पद्धतीत आहे. अक्षरांचा तक्ता पाठ केलेला माणूस दिवा पाहतो, डॉट-डॅश मोजतो, मनातल्या तक्त्यावर बोट फिरवतो, अक्षर शोधतो आणि मग अर्थ आठवतो. तोवर पुढचे अक्षर येऊन गेलेले असते. परीक्षेला हे निभते, कारण परीक्षेत दिवा सुरू होणार आहे हे ठाऊक असते आणि संदेश पहिल्या डॉटपासून दिसतो. समुद्रावर संदेश नेहमी मधूनच दिसतो.

या मधूनच दिसण्यावर थोडे थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे आणि बहुतेक वर्गांत ते शिकवले जात नाही. एकाक्षरी संकेत दिव्याने देताना तो पुन्हा पुन्हा दिला जातो. दोन अक्षरांमध्ये तीन डॉटइतकी मोकळी जागा ठेवायची असते. घाबरलेला, पावसात भिजणारा माणूस ती जागा खाऊन टाकतो. मग 'वाय', 'वाय', 'वाय' हा संदेश डॅश-डॉट-डॅश-डॅश-डॅश-डॉट-डॅश-डॅश अशी अखंड माळ होतो. ती माळ तुम्ही डॉटपासून वाचायला घेतली तर डॉट-डॅश-डॅश-डॅश, म्हणजे 'जे' : मला आग लागली आहे, जहाजावर धोकादायक माल आहे, दूर राहा. डॅश-डॅश-डॉट-डॅश असे पकडले तर 'क्यू' : माझ्या जहाजावर सर्व निरोगी आहेत, बंदरात प्रवेशाची परवानगी द्या. एकच माळ, तीन अर्थ.

'यू' आणि 'डी' यांचेही तसेच. डॉट-डॉट-डॅश म्हणजे तुम्ही धोक्यात चालला आहात, आणि डॅश-डॉट-डॉट म्हणजे माझ्यापासून दूर राहा, मला वळणे अवघड जात आहे. मधली जागा गेली की दोन्ही एकच. 'एल', 'बी', 'व्ही' आणि 'एफ' या चौघांत तर एक डॅश आणि तीन डॉटच आहेत, फक्त सुरुवात कुठून ते वेगळे. जहाज ताबडतोब थांबवा, धोकादायक माल, मदत हवी, निकामी झालो आहे, असे चार टोकांचे चार अर्थ. 'के', 'डब्ल्यू' आणि 'जी' यांचीही अशीच एक तिकडी होते.

त्या रात्री टँकरने पाठवलेला 'वाय' असाच जागा न सोडता आला होता, असे कॅप्टन म्हणाले. त्यांनी तो कसा वाचला, हे विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी पुढे प्रत्येक तुकडीला सांगत आलो आहे. ते म्हणाले, "मी वाचायला घाई केली नाही. त्याचा हात कधी थांबतो त्याची वाट पाहिली. थांबल्यावर जे पहिलं येतं ते खरं."

समोर असलेले पर्याय

किनाऱ्यावरच्या एखाद्या संस्थेत सगळ्या अधिकाऱ्यांचा एक दिवसाचा उजळणी वर्ग घ्यावा, ही पहिली सूचना. ती लवकरच मागे पडली. अधिकारी वेगवेगळ्या वेळी चढतात-उतरतात, आणि वर्गात पुन्हा पांढऱ्या भिंतीवरचा बल्बच दिसणार.

दुसरी सूचना मोबाइल अॅपची, आणि ती थर्ड ऑफिसरनेच केली. अक्षरे पक्की करायला अॅप उपयोगी आहे, मी त्याला नाही म्हटले नाही. पण अॅपचा दिवा हातभर अंतरावर, एकाच तेजाचा, स्थिर असतो. समुद्रावर दिवा लहान ठिपक्याएवढा दिसतो, दोन्ही जहाजे डुलत असतात, आणि झोत अरुंद असल्याने हात जरा हलला की लांब डॅश अर्ध्यावर तुटून डॉट होतो. शिवाय वॉचवर फोन हातात घ्यायची सवय लावणे कॅप्टनना मान्य नव्हते, मलाही नाही.

तिसरा पर्याय कॅप्टनचा. त्यांना जुने शिक्षण जसेच्या तसे हवे होते : साधी भाषा, पूर्ण वाक्ये, हाक देणे, उत्तर देणे, प्रत्येक शब्दाला पोच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पूर्ण शब्द वाचणाऱ्याला एकेक अक्षर वाचायला श्रम पडत नाहीत. अडचण वेळेची होती. चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हा नियम पाळायचा, बंदराची कामे, ड्रिल, कागदपत्रे सांभाळायची, आणि त्यात हे बसवायचे. अर्धवट शिकलेले जुने शिक्षण आहे त्यापेक्षा वाईट ठरले असते.

चौथा पर्याय आम्ही निवडला. आवाका नव्या नियमाएवढाच, म्हणजे एकाक्षरी संकेत आणि एसओएस, पण खऱ्या लॅम्पने, अंतरावरून, रोज थोडा वेळ, आणि अक्षरांच्या नव्हे तर धोक्याच्या क्रमाने. कॅप्टन सुरुवातीला नाराज होते. अक्षर न सांगता अर्थ आणि पहिली हालचाल सांगायची, ही अट ऐकल्यावर ते राजी झाले.

काय केले

सराव सुरू करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला, तो म्हणजे अँकरेजवर दिवा मारायचा कसा. आजूबाजूला जहाजे आहेत. आपल्या सरावाचा 'यू' कुणी खरा धरला तर? एसओएसचा तर प्रश्नच नव्हता. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे संकटसंदेश संकटाखेरीज वापरायचा नाही. म्हणून एसओएस फक्त पडदे ओढलेल्या खोलीत, छोट्या बल्बवर शिकवला. बाकी सराव जहाज बंदरातला माल उतरवून समुद्रात निघाल्यावर, आसपास कुणी नसताना, आणि झोत कायम जहाजाच्या आतल्या बाजूला ठेवून केला.

लॅम्प फोक्सलवर, शिकणारे ब्रिज विंगवर. पण या अंतरावरून सिग्नल लॅम्प डोळे दिपवतो; आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) निकषाप्रमाणे तो भर दिवसा दोन सागरी मैलांवरून दिसण्याइतका प्रखर असतो. बोसनने लॅम्पच्या तोंडावर पुठ्ठा बसवला आणि त्याला टाचणीने भोक पाडले. तेवढ्या भोकातून येणारा ठिपका दीड-दोन मैलांवरच्या जहाजाच्या दिव्यासारखा दिसू लागला. सगळ्या कार्यक्रमात याहून स्वस्त आणि याहून उपयोगी साधन मला सापडले नाही.

शिकणाऱ्यांच्या जोड्या केल्या. एक जण पाहतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. पाहणाऱ्याने कागदाकडे बघायचेच नाही, कारण डोळा दिव्यावरून हलला की एक डॉट जातोच. अक्षरे संथ पाठवायची नाहीत, हाही निर्णय मुद्दाम घेतला. संथ पाठवली की शिकणारा मोजत बसतो. अक्षर नेहमीच्या वेगाने आणि दोन अक्षरांमध्ये भरपूर मोकळी जागा, अशाने डोळ्याला अख्ख्या अक्षराची ओळख होते. हळूहळू ती जागा कमी करत न्यायची.

क्रम असा ठेवला : आधी 'यू', 'एल', 'वाय', 'ओ'. मग काही दिवस गेल्यावर 'डी', 'एफ', 'जे', 'व्ही'. एकमेकांत मिसळणारी अक्षरे एकाच संध्याकाळी शिकवायची नाहीत, कारण तशाने गोंधळच पक्का होतो. दोन्ही आपापल्या जागी पक्की झाली की मग समोरासमोर आणायची.

त्यानंतरचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिकणाऱ्याने दिव्याकडे पाठ करून उभे राहायचे. फोक्सलवरून संदेश चालू. मी म्हटले की वळायचे, आणि संदेश जिथे असेल तिथून पकडायचा. पहिल्या संध्याकाळी बहुतेकांनी 'यू'ला 'डी' म्हटले. म्हणजे धोक्यात कोण आहे तेच उलटे झाले! मग हात कधी थांबतो याची वाट पाहायची कॅप्टनची युक्ती त्यांच्या गळी उतरली. पाठवणाऱ्यालाही त्याच खेळातून कळले की मधली जागा ही समोरच्याला वाचता येण्याची एकुलती खूण आहे. थर्ड ऑफिसरचा हात सुरुवातीला फार घाईचा होता. स्वतः पाठ करून उभा राहून गेल्यावर तो आपोआप सुधारला, मला काही सांगावे लागले नाही.

एका सरीच्या संध्याकाळी मुद्दाम सगळ्यांना ब्रिजच्या आत, वायपर चालू ठेवून वाचायला लावले. वायपरचे पाते दिव्यासमोरून गेले की डॅशचे दोन तुकडे होतात, आणि 'यू'चा भलताच काहीतरी होतो. काच धुकट असेल तर डॉट दिसतच नाहीत. दिवा दिसला की विंगवर जायचे, पाऊस असो वा नसो, हा नियम त्या दिवसापासून कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

लुकआऊटच्या एबींना शिकवायचे की नाही, यावर चीफ ऑफिसरचे आणि माझे मत जुळत नव्हते. त्यांचे म्हणणे रास्त होते : ही अपेक्षा अधिकाऱ्यांकडून आहे, एबींच्या विश्रांतीच्या वेळेतून आणखी काही काढायला नको. पण त्या रात्री दिवा पहिल्यांदा एबीला दिसला होता. शेवटी ठरले की एबींना फक्त पहिली चार अक्षरे, आणि तीही त्यांच्या वॉचच्या वेळातच, दुसरा लुकआऊट जागेवर असताना शिकवायची.

काय निष्पन्न झाले

काही आठवड्यांत सगळे डेक अधिकारी एकाक्षरी संकेत मधूनच दिसले तरी वाचू लागले. एबींमध्ये रत्नागिरीचे मामा सर्वांत तयार निघाले. अक्षरांची नावे त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाहीत. दिवा पाहून ते सरळ "नांगर", "माणूस पाण्यात", "थांब म्हणतोय" असे सांगत, आणि ते अचूक असे. आम्हाला नेमके तेच हवे होते.

पुढे एका दुसऱ्या अँकरेजवर, थर्ड ऑफिसरच्याच वॉचमध्ये, एक लहान मालवाहू जहाज सरळ यांच्या नांगराच्या दिशेने येत होते. व्हीएचएफवर एकदा हाक मारून उत्तर आले नाही. त्याने लगेच कॅप्टनना फोन केला आणि स्वतः विंगवर जाऊन 'यू' मारला, प्रत्येक वेळी मोकळी जागा सोडून. ते जहाज थोड्या वेळाने वळले. दिवा वाचून वळले, नुसता प्रखर दिवा पाहून कुणी जागे झाले, की त्याचे वळायचे आधीच ठरले होते, हे सांगता येत नाही, आणि म्हणून या घटनेला मी यश म्हणून मिरवणार नाही. त्याचा क्रम बरोबर होता, लॅम्प पहिल्याच दाबाला लागला, कॅप्टन वेळेत वर आले. एवढे खरे.

मासेमारी नौकांच्या बाबतीत या शिक्षणाची मर्यादा सांगायलाच हवी. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान मचव्यांवर मोर्स वाचणारा कुणी असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. तिथे दिवा फक्त लक्ष वेधतो. 'यू' मारला म्हणजे आपले काम झाले, असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटू लागले तर हे शिक्षण नुकसानच करील.

आणि एक गोष्ट टिकली नाही. करार संपून निम्मे अधिकारी उतरले, नवे आले. सराव सेकंड ऑफिसर चालवत होता, तोही उतरला. काही महिन्यांनी कंपनीने नव्या अधिकाऱ्यांची चाचणी घेतली तेव्हा गाडी पुन्हा तक्त्यावर येऊन थांबलेली होती. त्यानंतर कंपनीने हा सराव जहाजावर चढणाऱ्या अधिकाऱ्याच्या पहिल्या आठवड्याच्या ओळख-कार्यक्रमात घातला आणि कॅडेटच्या टार बुकमधली (प्रशिक्षणाच्या नोंदवहीतली) त्या विषयाची सही अंतरावरून दिवा वाचल्याशिवाय करायची नाही, असे ठरवले. सहीवरचा निर्णय मला जास्त परिणामकारक वाटतो, कारण सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही मग दिवा हातात घ्यावा लागतो.

वेगळे काय करता आले असते

त्या रात्रीपुरते पाहिले तर निर्णयाचा क्षण लुकआऊटने दिव्याबद्दल सांगितले तो होता. त्या वेळी अंतर नऊ केबल होते. दिवा वाचता आला नसता तरी चालले असते; आपल्याकडे रोखलेला दिवा सारखा लुकलुकतो आहे आणि तो का ते मला कळत नाही, एवढे कॅप्टनना कळवण्यासाठी पुरेसे होते. शंका आली तर बोलवा, असे प्रत्येक कॅप्टनच्या स्थायी सूचनांत लिहिलेले असते. इथे अडले ते असे की थर्ड ऑफिसरला शंका आलीच नाही, त्याने उत्तर स्वतःच देऊन टाकले. म्हणून मी आता लुकआऊटकडून आलेल्या प्रत्येक दिव्याच्या बातमीला दुर्बीण लावून, विंगवर जाऊन, मोठ्याने उत्तर द्यायला शिकवतो. मोठ्याने यासाठी की लुकआऊटला ते पटले नाही तर त्याला बोलायला जागा राहते. मामांना पटले नव्हते. त्यांनी मला तसे सांगितले, पण साहेब टॉर्च म्हणाले, मग गप्प बसलो, असेही सांगितले.

टँकरच्या बाजूनेही वेगळे करण्यासारखे होते. त्याने 'वाय' मारला हे उत्तमच, पण मोकळी जागा सोडली असती आणि बंदराच्या चॅनेलबरोबर १६ वरही नाव घेऊन सांगितले असते तर पाव तास वाचला असता.

लॅम्पच्या बॅटरीबद्दल मी अधिक कडक आहे. त्या जहाजावर दर महिन्याला बॅटरी तपासल्याची नोंद होती, आणि ती खोटी नव्हती. तपासणारा लॅम्प लावून पाहत होता, लागला की खूण करत होता. दमलेली बॅटरी काही सेकंद उजेड देतेच. तपासणी करायची तर लॅम्प बॅटरीवर सलग चालवून, तेज उतरते का ते पाहत करायला हवी, आणि ती वेळ नोंदवहीत लिहायला हवी. त्याच वेळी एखाद्याला फोक्सलवर उभे करून चार अक्षरे वाचायला लावली तर बॅटरीची आणि माणसाची अशा दोन्ही चाचण्या एकाच पंधरा मिनिटांत होतात.

प्रशिक्षण संस्थांकडे आणि परीक्षकांकडे माझी मागणी छोटी आहे. नियमाने आता फक्त एकाक्षरी संकेत उरले आहेत, तर ते परीक्षेत मधूनच दाखवा. उमेदवाराला पाठ करून उभे करा, दिवा चालू ठेवा आणि मग वळायला सांगा. बऱ्याच संस्थांत आज ब्रिज सिम्युलेटर आहेत. त्यातल्या एका तरी अँकरेजच्या सरावात शेजारच्या जहाजाला 'वाय' मारायला लावा आणि उमेदवाराला त्याची पूर्वसूचना देऊ नका.